काकूंच्या नंबरवरचा ओटीपी

मीटरकाकांच्या बायकोचा फोन मी माझ्या हाताने पुसला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणावर खेकसले, कोणाची अक्कल काढली, ते वाचताना माझी स्वतःची अक्कल किती होती तेही तुम्हाला माहीत असेल.

माझं दुकान पावणेदोन माणसांचं. मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, फॉर्म भरणं, लॅमिनेशन. काउंटरच्या आत मी, बाहेर एक स्टूल, आणि दुसरं माणूस आलं की त्याने दारातच उभं राहायचं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मीटरकाका आणि काकू राहायचे. काकांनी चौतीस वर्षं वीज कंपनीत काढली. पहिली वीस मीटरचे आकडे टिपण्यात आणि उरलेली चौदा लोकांची कनेक्शनं कापण्यात. अंगाने बुटके, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. आकडा टाकून वीज चोरणारे त्यांची सायकल दिसली की छपरावर चढायचे, वायर काढायला. सख्ख्या मेहुण्याने तीन महिने बिल भरलं नाही तर काकांनी त्याचंही कनेक्शन कापलं. त्याच रविवारी त्याच्याकडे ठरल्याप्रमाणे जेवायला गेले. ‘पंखा का लावत नाही’ असं विचारलं नाही, एवढाच काय तो उपकार.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते येता-जाता सगळ्यांना ऐकवायचे. घर रिकामं झालं की त्याच आठवड्यात लाइन कापायची. माणूस गेला, घर बंद झालं आणि लाइन चालूच राहिली, तर कोणीतरी तिसराच येऊन चिकटतो आणि मग निस्तरत बसा. चौतीस वर्षांत रिकाम्या घरात चालू लाइन सोडली नाही, हे ते छाती पुढे काढून सांगायचे. कोणी विचारलेलं नसायचं.

काकू शिशुवर्गाच्या बाई. तीस वर्षं दुसऱ्यांची शेंबडी पोरं सांभाळली. स्वतःची मुलगी एकच, ती शिकली, लग्न झालं, दूरच्या देशात गेली. काकू निवृत्त झाल्यावर तिने आईला चांगला फोन पाठवला आणि काकूंना फोटोंचं वेडच लागलं. जिन्यातलं मांजर, उतू गेलेलं दूध, रंग उडालेली भिंत, पेपर छातीवर घेऊन झोपलेले काका. दिवसातून एकदा तरी माझ्या काउंटरवर फोन टेकवून म्हणायच्या, “बघ गं, हा कसा आलाय?” माझ्या एका हातात सोल्डरिंगची सळई, दुसऱ्यात कोणाचा तरी उघडा फोन. मी मान वर न करता म्हणायचे, “छान.” तेवढ्यावरही त्या खूश व्हायच्या.

फोन हरवला तर एवढे फोटो जातील, म्हणून मीच त्यांना अकाउंट उघडून दिलं होतं. फोटो काढला की तो आपोआप वर जाऊन साठतो, क्लाउड म्हणतात त्याला, हे समजावलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी तोंड फिरवलं, कारण गिऱ्हाइकाचा पासवर्ड बघायचा नाही, हा माझ्या धंद्याचा नियम. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला फोन नंबर दिला. दुसरा ईमेल मागत होतं, तो रकाना मी तसाच सोडला. म्हटलं, नंतर भरू.

काकू गेल्या त्या एका साध्या सकाळी. भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे बसल्या त्या बसल्याच. डॉक्टर यायला पंधरा मिनिटं लागली, पण त्यांना तेवढीही लागली नव्हती. मुलगी तेव्हा आठव्या महिन्यात. डॉक्टरांनी विमानात पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलेलं. व्हिडिओ कॉल लावून तिला आईचं शेवटचं दर्शन घडवावं, हे कोणाला म्हणता कोणाला सुचलं नाही. काकांना तर फोन उचलण्या-लावण्यापलीकडे फोनमधलं काही येतही नव्हतं.

आणि मग आठ दिवसांत काकांनी काकूंना आवरून टाकलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. त्यांनी यादी केली होती, मी पाहिली आहे ती. निळ्या पेनाने कामं आणि लाल पेनाने बरोबरच्या खुणा. वाचनालयाचं सभासदत्व बंद. बँकेचं खातं बंद. दूध अर्धा लिटर कमी. मोबाइल नंबर बंद. नंबरच्या कंपनीतली मुलगी म्हणे सांगत होती, “काका, राहू द्या ना थोडे दिवस.” काका म्हणाले, “माणूस नाही तर लाइन कशाला?” कायमचा बंद, असं लिहून सही करून पावती घेऊन आले. त्याच दुपारी माझ्याकडे आले.

“हा फोन कोरा करून दे. जिना झाडायला येते ना, तिला द्यायचाय. तिला गरज आहे.”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, कॉलेजच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, झेरॉक्सचा कागद अडकला होता. मी एकच शब्द विचारायचा होता. फोटो? तेवढा एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. फॉरमॅट मारायला चार मिनिटं लागतात. काका हात मागे बांधून उभे होते. “झालं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “झालं.”

सहा आठवड्यांनी तिकडे मुलीला मुलगी झाली. तिने दवाखान्यातूनच फोन केला. हे मला काकांनीच सांगितलं, शब्द न् शब्द, बिल वाचून दाखवावं तसं. ती म्हणाली, “बाबा, बाळ आईसारखं दिसतं म्हणतात सगळे. मला आईचे फोटो पाठवा. मला शेजारी ठेवून बघायचंय.” काका म्हणाले, फोन तर देऊन टाकला. “आणि फोटो?” “फोनमध्येच असणार ना.” मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही आईलाच बंद करून टाकलंत.” आणि फोन ठेवला. त्यानंतर काकांनी कधीही फोन केला तरी जावई उचलायचा. ती झोपली आहे, ती बाळाजवळ आहे, ती बाहेर गेली आहे.

तुम्ही म्हणाल, आईने लेकीला फोटो पाठवले नसतील का? शेकड्यांनी पाठवले होते. मांजराचे, दुधाचे, काकांचे. स्वतःचा एकही नाही, कारण फोटो काढणारी तीच. व्हिडिओ कॉलवर फोन असा धरायच्या की समोरच्याला कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा. घरात होता तो लग्नातला एक काळा-पांढरा, आणि शाळेच्या निरोप समारंभातला एक. त्यात पंचवीस माणसं आणि काकूंचे डोळे मिटलेले. जुने अल्बम घर बदलताना पाण्यात भिजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला काका स्टुलावर येऊन बसले. “जावई म्हणतो, फोटो वर जातात असं मुलीला आईने सांगितलं होतं. वर म्हणजे कुठे? त्यांचं ऑफिस कुठे आहे? मी जाऊन येतो.”

मला तेव्हा ते अकाउंट आणि त्याला दिलेला नंबर आठवला. आणि माणसाला स्वतःची लाज वाटली की ते दुसऱ्यावर ओरडतं, तशी मी त्यांच्यावर ओरडले. “नंबर कशाला बंद केलात? कोणी सांगितलं होतं एवढी घाई करायला? बायको गेली होती तुमची, भाडेकरू नव्हता गेला!” काका ऐकून घेत होते. ‘तू फोन का पुसलास’ असं त्यांनी उलटून विचारायला हवं होतं. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग आम्ही मागे लागलो. ईमेल माझ्या वहीत होता. पासवर्ड नव्हता. काकांनी घरून यादी करून आणली: मुलीचं लाडाचं नाव, मुलीची जन्मतारीख, शाळेचं नाव, मांजराला काकू जे म्हणायच्या ते. एकेक करून टाकलं. लागेना. मी म्हटलं, “तुमची जन्मतारीख टाकू?” काका म्हणाले, “माझी कशाला ठेवेल?” तरी टाकली. लागली नाही. काका हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. एवढ्या चुका झाल्यावर अकाउंटने चोवीस तास दार बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला काका हजर.

जिना झाडणाऱ्या बाईकडून फोन परत आणला. तिने का म्हणून विचारलं नाही, कव्हरसकट फडक्याने पुसून दिला. “काकूंचाच आहे, मी जपूनच वापरत होते.” काकांनी तिला दुसरा घेऊन दिला. काकूंच्या फोनवरून, काकूंच्या घरात बसून प्रयत्न केला, कारण ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा असली की ही अकाउंटं जरा मवाळ होतात. झालंही तसंच. पासवर्ड विसरलात का, विचारलं. हो म्हटलं. मग म्हणालं, ठीक आहे, शेवटी सत्तेचाळीस असलेल्या नंबरवर आम्ही सहा आकड्यांचा कोड पाठवतो. तो सत्तेचाळीसवाला नंबर म्हणजे काकांनी सही करून बंद केलेला. दुसरा ईमेल आहे का? नाही. तो रकाना कोणी रिकामा सोडला ते सांगितलंच आहे.

नंबरच्या कंपनीत गेलो. कायमचा बंद म्हणजे कायमचा, परत मिळत नाही, तीन महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी जाईल, म्हणाले. फोटोंच्या कंपनीला अर्ज केला. मेलेल्या माणसाच्या खात्यासाठी वेगळा अर्ज असतो. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, काकांचं ओळखपत्र, सगळं स्कॅन करून पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, खात्याच्या गोपनीयतेची आम्हाला काळजी आहे, न्यायालयाचा आदेश जोडावा. मी वाचून दाखवलं आणि त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काका म्हणाले, “पत्र नियमाला धरून आहे. मीही अशीच पत्रं द्यायचो लोकांना.” आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

पाचव्या महिन्यात एक दिवस मी म्हटलं, नंबर लागतो का बघू. काकांनी त्यांचा साधा फोन काढला. त्यात काकूंचा नंबर ‘घर’ म्हणून होता. बाकी सगळं बंद केलं, पण ते नाव त्यांनी काढलेलं नव्हतं. बटण दाबलं. पडद्यावर ‘घर’ आलं. घंटी वाजली. आणि तिकडून एका बाईने उचलला.

“हॅलो! कोण? बोला ना!”

मागे गाड्यांचा आवाज, घंटीचा आवाज. काकांनी फोन कानापासून काढून काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. मी फोन उचलला आणि माझ्या नेहमीच्या घाईत घोळ घातला. म्हटलं, बाई, तुमच्या नंबरवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.

“मला काय दूधखुळी समजलीस? ओटीपी दे म्हणे! पोलिसात देऊ का नंबर?” आणि कट. मी माझ्या फोनवरून पुन्हा केला, तर माझा आवाज ओळखून तिने मला ब्लॉकच केलं. तिचं काही चुकलं नाही. ओटीपी कोणाला सांगू नका, हा कागद माझ्याच दुकानाच्या दारावर चिकटवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, “आज मी बोलतो.” पाठ करून आले असावेत. “बाई, फोन ठेवू नका. हा नंबर माझ्या बायकोचा होता. ती गेली. तो बंद मीच केला. तिचे फोटो एका खात्यात आहेत आणि त्याची चावी या नंबरवर येते. मला मुलीला पाठवायचे आहेत.”

तिकडून एवढंच आलं, “आजोबा, मी बसमध्ये कंडक्टर आहे. आई आजारी, पाकीट मारलं, पोरगं हरवलं, सगळी सोंगं दिवसातून दहादा बघते.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “कोड मला सांगू नका. हा दुकानाचा पत्ता घ्या. सवड मिळेल तेव्हा स्वतः या, मृत्यूचा दाखला बघा, मग ठरवा. नाही आलात तर मी पुन्हा फोन करणार नाही.”

मी कपाळावर हात मारला. “शेवटचं का सांगितलंत? हातातला एकच दोर, तोही स्वतःच सोडून दिलात!” काका म्हणाले, “तिला त्रास देऊन कसं चालेल? नंबर आता तिचा आहे.” असल्या माणसापुढे डोकं आपटून काही उपयोग नसतो. भिंत बरी.

नऊ दिवस गेले. काका रोज अकराला यायचे, दाराकडे तोंड करून बसायचे, एकला जेवायला जायचे. मला म्हणायचे, तुझं चालू दे. त्यांच्या मानेवरचे केस वाढले होते. सदऱ्याची इस्त्री गेली होती. खिशात लाल पेन तेवढं उरलं होतं, निळं कुठे पडलं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. दहाव्या दिवशी दुपारी दीडला, काका नुकतेच उठत होते, तेवढ्यात खाकी कपड्यातली एक बाई दारात उभी राहिली. खांद्यावर चामड्याची पिशवी, घामेजलेली, पन्नाशीच्या आतबाहेर.

“ओटीपीवाले आजोबा कोण?”

काकांनी दाखला पुढे केला. तिने तिकीट तपासावं तसा तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मग स्टुलावर बसली. बसा म्हणायची वाट बघितली नाही.

“शाळेत होत्या का तुमच्या बाई?”

“हो. शिशुवर्गाला.”

“तरीच. हा नंबर घेतल्यापासून माझ्यामागे ससेमिरा लागलाय. बाई, तब्येत कशी आहे? बाई, ओळखलंत का? घोड्याएवढ्या माणसांचे आवाज! एकाने तर मला आधी शिशुवर्गातलं गाणं म्हणून दाखवलं, मग विचारलं, कोण बोलतंय? मी शिव्या घातल्या. परवा एकीने फोन केला, बाई, लग्न ठरलं, पहिलं तुम्हाला सांगतेय. तेव्हा वाटलं, म्हातारा खोटं बोलत नसावा.” तिने पिशवीतून फोन काढला. “पण आकडा मी सांगणार नाही हां. मीच टाकणार.”

काकूंचा फोन तिच्यापुढे ठेवला. मी कोडसाठी बटण दाबलं. तिच्या फोनवर टिंग झालं. तिने पडदा हाताने झाकून एकेक आकडा टाकला. चाक थोडं फिरलं आणि काकूंचं खातं उघडलं. काकांनी माझा दंड धरला होता, ते मला नंतर दुखायला लागल्यावर कळलं.

सगळ्यात वर एक लाल पट्टी होती. साठवण्याची जागा भरली आहे, नवीन फोटो जतन होत नाहीत. त्याखाली शेवटच्या फोटोची तारीख. काकू जायच्या पावणेतीन वर्षं आधीची.

मला काय झालं ते क्षणात कळलं. फुकटची जागा संपली होती. काकू फोटो काढत राहिल्या, त्यांना वाटत राहिलं की वर जातायत, आणि ते फक्त फोनमध्ये पडून राहिले. शेवटची पावणेतीन वर्षं फोनमध्येच होती. चार मिनिटांत.

“काका,” मी म्हटलं, “सगळे नाहीत. शेवटचे वर गेलेच नव्हते. ते फोनमध्ये होते. ते मी पुसले.”

काका पडद्याकडे बघत होते. “मी सांगितलं म्हणून पुसलेस,” म्हणाले. मी दुकानात गिऱ्हाइकासमोर कधी रडत नाही. त्या दिवशी रडले. कंडक्टरबाईने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाली, “आहेत ते तर बघा. की तेही नकोत?”

आहेत ते चार हजारांवर होते. तिघांनी डोकी एकत्र करून बघायला सुरुवात केली. मांजर. दूध. भिंत. मांजर. झोपलेले काका, इतक्यांदा झोपलेले काका की कंडक्टरबाई म्हणाली, “आजोबा, नोकरी झोपेचीच होती का?” काका पेपर वाचताना, काका पायऱ्या उतरताना पाठमोरे, काकांची सायकल, काकांचे धुऊन वाळत घातलेले सदरे. काकू कुठेच नव्हत्या. कुठे कोपऱ्यात अंगठा, कुठे जमिनीवर पडलेली सावली. अर्धा तास झाला. काका प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ नेऊन तिचा काही भाग त्यात आहे का बघत होते. मला ते बघवेना.

“हा व्हिडिओ दिसतोय,” कंडक्टरबाई म्हणाली आणि बोट टेकवलं.

एक्केचाळीस सेकंदांचा. चुकून चालू झालेला. पूर्ण पडदाभर काकूंचा चेहरा, अगदी जवळ, चष्मा नाकावर घसरलेला, खालच्या बाजूला काहीतरी शोधणारे डोळे. “हे काय चालू झालं बाई... लाल लाल काय येतंय हे...” मग मान वळवून, मोठ्याने, “अहो! अहो, इकडे या ना जरा. बघा ना, काय झालंय.”

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, “थांब गं. कामात आहे.”

“बरं,” काकू म्हणाल्या. आणि थांबल्या. पडद्यात स्वतःला बघून केस कानामागे नेले. जरासं हसल्या, एकट्याच. बाहीने काच पुसली. काहीतरी गुणगुणल्या, पोरांना शिकवायच्या त्यातलं असेल. मग दाराकडे बघितलं, आणि एकदा, अगदी हळू, कोणाला त्रास होऊ नये अशा बेताने म्हणाल्या, “अहो...” तिथे संपला.

बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी पुन्हा लावला. चौथ्यांदा लावल्यावर मी म्हटलं, “काका, मधला तुमचा आवाज काढून टाकता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. मुलीला कळणारही नाही.”

“नको,” काका म्हणाले. “आहे तसं पाठव.”

आहे तसं पाठवलं. कंडक्टरबाईची पुढच्या फेरीची वेळ झाली होती, ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. दहा-बारा मिनिटांत काकांचा फोन वाजला. जावई नव्हता. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर चालू केला.

तिकडून नुसतं रडणं येत होतं. एवढं दूर असूनही दुकान भरून गेलं. “बाबा,” ती म्हणाली. “बाबा, आई.”

“हो,” काका म्हणाले.

“हसली की हो आई.”

“हो.”

ती पुन्हा रडली. नाक ओढलं. मग तिने विचारलं, रागाने नाही, लहान मूल गोष्टीत पुढे काय झालं म्हणून विचारतं तसं, “बाबा, मग तुम्ही गेलात का तिच्याकडे? नंतर?”

मी काकांसमोर जोरजोरात मान हलवली, हो म्हणा. कंडक्टरबाई दारातून कुजबुजली, “हो म्हणा हो आजोबा, काय जातंय तुमचं.” कोणाला कळणार होतं? काकू सांगायला येणार नव्हत्या.

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघतेय, पण त्या दिवशी तो कोण्या दुसऱ्याच म्हाताऱ्याचा वाटला.

“आठवत नाही गं,” ते म्हणाले. “गेलो असतो तर आठवलं असतं.”

तिकडे बाळ उठलं होतं, त्याचं रडणं ऐकू यायला लागलं. मुलीने फोन ठेवला नाही. काकांनी तोंड फोनच्या अगदी जवळ नेलं आणि पुन्हा एकदा म्हणाले, “नसेन गेलो गं मी.”